मोंढ्याची पट्टी, क्लॉड कोडचं प्लगिन आणि दिवाणजी काका

परभणीत आमचं छोटं काम आहे, मी आणि माझा मावसभाऊ दोघंच, आणि निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक मोंढ्यातलं. मोंढा म्हणजे आमच्याकडं शेतमालाचा बाजार, पुण्याकडचे लोक मार्केट यार्ड म्हणतात तो. आडत दुकानांचं, म्हणजे कमिशनवर शेतमाल विकून देणाऱ्या दुकानांचं, हिशोबाचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो, आवक लिहायची, काटापट्टी म्हणजे वजनाची चिठ्ठी, शेतकऱ्याची पट्टी म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाचा कागद, खरेदीदाराचं बिल, हमालांचा हिशोब. मी गेलं वर्षभर क्लॉड कोड वापरतोय, टर्मिनलमध्ये चालणारा एआय असिस्टंट, तो आपल्या फोल्डरमधल्या फाईली वाचतो, कोड लिहितो, टेस्ट चालवतो. कामाचा वेग खरंच वाढला, पण एक त्रास रोजचा होता, नवीन सेशन उघडलं की आमचा धंदा त्याला पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायचा.

उदाहरण सांगतो. पट्टीचं गणित लिहायला सांगितलं की तो हमखास शेतकऱ्याच्या रकमेतून आडत कापायचा. समजा ११ क्विंटल ४० किलो सोयाबीन, भाव क्विंटलला ४,२५० लागला, तर रक्कम झाली ४८,४५०. त्यातून आमच्या दुकानांत हमाली आणि तोलाई वजा होते आणि आडत खरेदीदाराच्या बिलात लागते. हा मात्र आडत्याचं कमिशन विकणाऱ्याकडून असं धरून चालायचा, कारण जगभरात लिहिलेलं बहुतेक तसंच असणार. मी दुरुस्त करायचो, तो नीट करायचा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये परत तेच. प्रोजेक्टच्या मुळाशी क्लॉड डॉट एमडी नावाची फाईल ठेवता येते, ती तो सेशन सुरू होतानाच वाचतो, तिच्यात मी हे लिहून ठेवलं, पण प्रोजेक्ट नऊ आणि प्रत्येकात तीच फाईल कॉपी, एकीत बदल केला की आठ जुन्या राहिल्या.

ऑक्टोबर २०२५ मध्ये क्लॉड कोडमध्ये प्लगिनची सोय आली, नेमकी सोयाबीनची आवक जोरात असतानाच. प्लगिन म्हणजे एक फोल्डर, त्यात मुख्यतः या गोष्टी टाकता येतात: स्लॅश लावून चालणाऱ्या कमांड, सबएजंट म्हणजे ठराविक कामाचे मदतनीस असिस्टंट, बाहेरच्या साधनांशी जोडणारे एमसीपी सर्व्हर, स्किल म्हणजे लिहून ठेवलेलं ज्ञान आणि हूक म्हणजे अमुक घडलं की तमुक आपोआप चालव. कुणीही असं फोल्डर बनवून गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साईटवर, ठेवायचं, सोबत यादीची एक फाईल द्यायची, त्या यादीला मार्केटप्लेस म्हणतात. दुकान वगैरे काही नाही, पैसे नाहीत, साधा गिट रेपो, म्हणजे जुने बदलही जपून ठेवणारं कोडचं फोल्डर. आपण आधी स्लॅश प्लगिन मार्केटप्लेस ॲड म्हणून त्या रेपोचं नाव द्यायचं आणि मग स्लॅश प्लगिन इन्स्टॉल, झालं. दोन ओळींचं काम आहे आणि एवढं सोपं असल्यामुळंच मी पहिल्या वेळी काहीही न बघता पुढं गेलो.

कोड नीटनेटका ठेवणारं एक प्लगिन मला सापडलं, बनवणारा कुठल्या देशातला कोण मला माहिती नाही, पण वर्णन चांगलं होतं, स्टारही बऱ्यापैकी होते. इन्स्टॉल केलं, फाईली खरंच छान मांडल्या जायला लागल्या. चार दिवसांनी एका दुकानातून फोन आला, फोनवर दिवाणजी काका. हे काका त्या दुकानात तीस वर्षं हिशोब लिहितायत, आधी वहीत आणि आता आमच्या सॉफ्टवेअरवर, आणि शब्दाला फार पक्के आहेत. म्हणाले, "बाळा, हे शेतकर्याचे नाव काय छापायलंय? आपला शेतकरीच हाय ना हा?"

मी पट्टीचा फोटो मागवला आणि बघून मला खरंच वाईट वाटलं. सगळीकडं 'शेतकऱ्याचे' ऐवजी 'शेतकर्याचे' छापलं होतं, 'दुसऱ्या काट्याचे वजन' ऐवजी 'दुसर्या'. इंग्रजीत काम करणाऱ्याला हा फरक दिसणारही नाही कदाचित, पण आपल्याकडं दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, आचार्याला वाढलं आणि आचाऱ्याला वाढायला सांगितलं यात केवढं अंतर आहे. आणि पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हातात सहा महिन्यांच्या मेहनतीचा येणारा एकुलता एक कागद, त्यावर तो ज्या नावानं ओळखला जातो तेच चुकलेलं.

दुपारपर्यंत अजून एक प्रकार कळला. जुन्या एक्सेलमधून नावं उचलणारा जो भाग होता तो नावांचा रकाना रिकामा सोडायला लागला होता. कारण एकच. आपला तो 'वाऱ्या'तला आडवा र कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा म्हणजे ऱ हे युनिकोडमधलं वेगळं अक्षर, त्याला हलंत आणि पुढं य. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलंत, आणि मध्ये एक न दिसणारं अक्षर, झिरो विड्थ जॉइनर म्हणतात त्याला, मग य. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. आमचे जुने टेम्प्लेट दुसऱ्या तऱ्हेचे, गिऱ्हाईकाच्या एक्सेलची शीर्षकंही दुसऱ्या तऱ्हेची. आता मधलं न दिसणारं अक्षर कुणीतरी काढून टाकलं की राहतो र, हलंत, य, आणि तो जोडून होतो र्य, डोक्यावर रफार घेऊन. शीर्षक जुळेना म्हणून आयातही बंद.

काढलं कुणी? मला आधी वाटलं असिस्टंटनंच चूक केली. पण गिटमधला इतिहास बघितला तर ज्या ज्या फाईलीला त्यानं हात लावला होता ती ती पूर्ण फाईल बदललेली, म्हणजे त्यानं एक ओळ बदलली तरी वरखालचे सगळे जॉइनर गायब. तेव्हा प्लगिनचं फोल्डर उघडलं, पहिल्यांदाच. त्यात हूकची एक जेसन फाईल होती, तिच्यात लिहिलेलं की कुठलीही फाईल एडिट झाली की ही स्क्रिप्ट चालव, आणि स्क्रिप्टमध्ये मांडणी नीट करण्यासोबत एक ओळ होती, न दिसणारी सगळी अक्षरं पुसून टाक.

त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, हे मला इथं मुद्दाम लिहायचंय. न दिसणाऱ्या अक्षरांत सूचना लपवून एआयला फसवता येतं, हा खरा धोका आहे, आणि त्यानं त्यासाठीच ती ओळ टाकली असणार, वर टिप्पणीही तशीच होती. फक्त त्या अक्षरांवर कुणाची तरी लिपी उभी आहे हे त्याच्या कामात कधी आलं नसेल. मी त्याला गिटहबवर नीट समजावून लिहिलं, 'शेतकऱ्या'चं उदाहरण दिलं, चौथ्या दिवशी त्यानं ती ओळ बदलून आभार मानले. आमचं नुकसान गिटमुळं अर्ध्या दिवसात भरून निघालं, तीन दुकानांच्या पट्ट्या परत छापून दिल्या. पण विचार करा, त्या जागी फाईली बाहेर पाठवणारी ओळ असती तर? हूक चालतो तो आपल्याच लॉगिनच्या अधिकारानं. आपण जे जे करू शकतो ते ते सगळं त्याला करता येतं, आणि माझ्या मशीनवर अकरा दुकानांचा डेटा असतो.

तेव्हापासून मी आधी रेपो साधा क्लोन करतो, म्हणजे नुसती प्रत उतरवून घेतो, आणि वाचतो, इन्स्टॉल नंतर. सगळ्यात आधी हूकचं फोल्डर, कारण तिथं असिस्टंटला विचारायचा प्रश्नच नसतो, ते आपोआप चालतं. मग एमसीपीचं कॉन्फिगरेशन, कुठल्या सर्व्हरला जोडतंय, कुठली पासवर्डसारखी चावी मागतंय. मग स्क्रिप्ट. स्किल आणि कमांड शेवटी, पण तेही वाचतोच, कारण त्या मजकुराच्या फाईली असल्या तरी असिस्टंट त्या हुकूम म्हणून वाचतो, मधेच कुठंतरी 'हे करण्याआधी अमुक फाईल उघड' असं लिहिलेलं असू शकतं. बहुतेक प्लगिन लहानच असतात, वीस मिनिटांत वाचून होतात. अपडेट आलं की नुसतं काय बदललं तेवढं बघतो. मावसभाऊ म्हणायला लागला की एवढा वेळ कोण घालवतं, मी म्हणलं बाबा मोंढ्यात पोतं विकत घेताना खरेदीदार आधी बंबी, म्हणजे पोत्यात खुपसायची नळी, मारून दाणे हातावर घेऊनच बघतो ना, मग आपण तर मशीनच्या चाव्या देतोय.

आता वाचून वाचून एक गोष्ट ध्यानात आली आणि तिथून हे सगळं प्रकरण बदललं. स्किल नावाची जी गोष्ट आहे ती निव्वळ लिहिलेला मजकूर आहे. फोल्डरमध्ये स्किल डॉट एमडी नावाची एक फाईल, वर दोन ओळी, नाव आणि वर्णन, आणि खाली साध्या भाषेत लिहायचं की हे काम असं करतात. म्हणजे ज्याला कोड येत नाही पण काम येतं, तोही हे लिहू शकतो. आणि मोंढ्याचं काम आमच्यात कुणाला येतं, तर दिवाणजी काकांना.

रविवारी मोंढा बंद असतो, त्या दिवशी काकांच्या घरी गेलो, काकूंनी चहा दिला आणि आम्ही बसलो. मी विचारायचं, काकांनी सांगायचं, मी मराठीतच टाइप करायचं. दोन तास धरून गेलो होतो आणि चार रविवार लागले, कारण काका जे सांगत होते ते मला सहा वर्षं हे सॉफ्टवेअर बनवूनही पूर्ण माहिती नव्हतं. वजन किलोत धरायचं आणि क्विंटल फक्त छापताना. रक्कम रुपयात पूर्ण करायची ती एकदम शेवटी, मधल्या पायरीवर नाही, नाहीतर दिवसाच्या शेवटी रोजमेळ जुळत नाही. ओलावा जास्त असला तर आमच्या दुकानांत सौद्यातच भाव कमी बोलतात, वजनातून काही कापत नाहीत, त्यामुळं पट्टीत ओलाव्याची वजावट असा रकानाच नको. एकाच शेतकऱ्याचा माल दोन ढिगांत दोन भावानं गेला तर दोन ओळी लिहायच्या, सरासरी भाव लिहायचा नाही. ह्यावर काका फार जोरात बोलले, "सरासरी लिवली की शेतकऱ्याला कळत न्हाई त्याच्या कोन्या मालाला काय भाव लागला. त्याला कळलं पाहिजे." तो नियम मी त्यांच्याच शब्दांत, कारणासकट स्किलमध्ये ठेवला. आणि कारण लिहिल्यामुळं फरक पडतो बरं का, नुसतं 'सरासरी लिहू नको' असं होतं तेव्हा असिस्टंट पट्टीत पाळायचा आणि महिन्याच्या अहवालात परत सरासरी काढून शेतकऱ्याला पाठवायचा, कारण लिहिल्यावर अहवालातही दोन ओळी द्यायला लागला.

पण पहिल्यांदा ते स्किल चाललंच नाही. मी वर्णनात लिहिलं होतं 'मोंढ्याचे नियम' आणि असिस्टंट त्याच्याकडं ढुंकूनही बघेना. कारण असं की सुरुवातीला तो सगळ्या स्किलची फक्त नावं आणि वर्णनं वाचतो, आणि कामाशी जुळतंय असं वाटलं तरच आतली पूर्ण फाईल उघडतो. 'मोंढ्याचे नियम' वाचून त्याला काय कळणार कधी उघडायचं ते. वर्णनाला १,०२४ अक्षरांपर्यंत जागा असते, मग मी सविस्तर लिहिलं की शेतमालाची पट्टी, हमाली, तोलाई, आडत, काटापट्टी किंवा खरेदीदाराचं बिल यांचा कोड लिहिताना, बदलताना किंवा तपासताना हे वापर, आणि कोडमधली नावं इंग्रजीत असतात म्हणून ते इंग्रजी शब्दही टाकले. त्यानंतर बरोबर उघडायला लागला. स्किलचं नाव मात्र मराठीत ठेवता येत नाही, इंग्रजी छोटी अक्षरं, आकडे आणि मधली रेघ एवढंच चालतं, आतला मजकूर मराठी चालतो. मराठी मजकुराला इंग्रजीपेक्षा टोकन, म्हणजे एआय मजकूर ज्या तुकड्यांत मोजतो ते, जास्त लागतात, हे खरं आहे, म्हणून जिन्सानुसार माहिती वेगळ्या फाईलींत काढली, तुरीचं काम असेल तर तुरीचीच उघडते. तरीही मी भाषांतर केलं नाही, कारण काकांना वाचून तपासता आलं पाहिजे, तेच तर ह्याचे खरे लेखक.

मग वाटून टाकायचं ठरवलं. मोंढे काय फक्त परभणीत आहेत का, नांदेड, जालना, हिंगोली, सेलू, सगळीकडं आमच्यासारखी पोरं हेच सॉफ्टवेअर परत परत लिहितायत आणि सगळ्यांची शेतकऱ्याच्या पट्टीत तीच आडत कापली जात असणार. आधी दुकानमालकांकडं गेलो. शेठ काळजीत पडले, आपला हिशोब जगाला दाखवणार का म्हणाले, त्यांचं बरोबरच होतं. मी लॅपटॉपवर फाईल उघडून ओळ न ओळ वाचून दाखवली, यात दुकानाचा एकही आकडा नाही, फक्त पद्धत आहे. वाचता वाचता शेठच म्हणाले, हा नमुना कुणाचा आहे? बघतो तर खाली उदाहरणाला जोडलेली पट्टी खरी होती, शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाईल नंबर सगळं खरं. माझ्या नजरेतून ते सुटलं होतं. नुसतं पुसून भागत नाही, गिटच्या इतिहासात ते राहतंच, म्हणून जुना रेपो तसाच खाजगी ठेवला आणि कोऱ्या रेपोत फक्त साफ केलेल्या फाईली टाकल्या. तुम्ही कुणी असं काही शेअर करणार असाल तर नमुन्याच्या फाईली आधी बघा, कोड नंतर.

बांधणी अवघड नाही, पण मी एका जागी अडकलो. डॉट लावलेलं क्लॉड-प्लगिन नावाचं फोल्डर करायचं असतं, मी सगळंच त्याच्या आत कोंबलं. तिथं फक्त प्लगिन डॉट जेसन आणि मार्केटप्लेस डॉट जेसन या दोनच फाईली राहतात. स्किल, कमांड, हूक यांची फोल्डरं त्याच्या बाहेर, प्लगिनच्या मुळाशी. आत ठेवलं तर एररही येत नाही, प्लगिन इन्स्टॉल झालेलं दिसतं आणि आत काहीच नाही. एक संध्याकाळ गेली त्यात. तपासायला क्लॉड प्लगिन व्हॅलिडेट अशी कमांड आहे, ती जेसनमधल्या चुका सांगते, शेवटचा जास्तीचा स्वल्पविराम वगैरे. आणि गिटहबवर टाकायच्या आधी आपल्याच मशीनवरचं फोल्डर मार्केटप्लेस म्हणून जोडून बघता येतं, मी मावसभावाच्या मशीनवर तसं केलं, त्याच्याकडं आमचं जुनं काहीच नव्हतं म्हणून खरी परीक्षा झाली. आमच्या प्लगिनमध्ये हूक एकही नाही, मुद्दाम. एक स्किल आणि पट्टी तपासायची एक कमांड, बस. लायसन्स एमआयटी, म्हणजे कुणीही वापरा, बदला. आणि वाचा-मला (रीडमी) फाईलीत पहिल्याच ओळीला लिहिलं की इन्स्टॉल करण्याआधी सगळं वाचून घ्या, पंधरा मिनिटं लागतात.

तीन आठवडे काहीच झालं नाही. मग नांदेडच्या एकानं गिटहबवर सुचवलेला बदल आला, तो नव्या मोंढ्यातल्या दुकानांचं काम करतो. त्यानं लिहिलं की दादा तुमच्या फाईलीत हमालीचा दर लिहिलेला आहे, आमच्याकडं दर वेगळा आहे, तुमचं प्लगिन टाकल्यावर आमच्या टेस्टमध्ये तुमचा दर यायलाय. त्याचं शंभर टक्के बरोबर होतं, प्रत्येक बाजार समितीचे दर आपापले असतात. त्यानं सुचवलं की पद्धत स्किलमध्ये राहू द्या आणि दर प्रत्येकाच्या प्रोजेक्टमधल्या फाईलीत, ती फाईल नसेल तर असिस्टंटनं अंदाज न करता विचारायचं. मी तो बदल काकांना वाचून दाखवला, कारण त्यांचं नाव नसलं तरी त्यांचं लिखाण आहे, त्यांना न विचारता मी काही घेत नाही. काका म्हणाले, "हे पोरगं मोंढ्यात उभं राहिलेलं हाय. घे त्याचं." घेतलं. काकांचं नाव टाकू का म्हणून मी तीनदा विचारलं, ते नको म्हणतात, म्हणून लेखकांच्या जागी 'परभणीच्या मोंढ्यातले एक दिवाणजी' असं लिहिलंय, ते त्यांनी चालू दिलं.

त्याच्यानंतर वसमतहून हळदीबद्दल विचारणा आली. हळदीत हळकुंडं वेगळी आणि गड्डे वेगळे लागतात, त्यांचे सौदे वेगळे, आणि आमच्या स्किलमध्ये तर एका ढिगाला एकच जिन्नस धरलेली आहे. काकांना हळदीचं माहिती नाही, ते स्पष्ट म्हणाले की मी कधी हळद लिवली नाही, मी सांगनार नाही. त्यामुळं हळदीची फाईल अजून कोरी आहे, तिच्यात एकच ओळ आहे, की याबद्दल माहिती नाही, वापरणाऱ्याला विचार. ज्यानं विचारलं त्याच्या ओळखीचे तिथले एक दिवाणजी आहेत, ते बोलायला तयार झालेत. येत्या शनिवारी मी आणि काका दोघं सकाळच्या गाडीनं वसमतला जातोय, काका म्हणाले नुसतं ऐकून लिहायचं नाही, आधी काटा बघू.